पशुवैद्यक होऊ पाहणाऱ्यांच्या दृष्टीने म्हापशातील एक शिकवणीवर्ग

गोव्यात अकरावी विज्ञानाला जीवशास्त्र घेतले की घरीदारी एकच प्रश्न विचारला जातो : एमबीबीएस की डेंटल? पशुवैद्यक व्हायचे आहे असे सांगणारी मुले प्रत्येक हायर सेकंडरीत थोडीच असतात, आणि शिकवणीवर्ग निवडताना त्यांना उपयोगी पडेल अशी माहिती तर जवळपास कोठेच मिळत नाही. मी अकरावी-बारावीची दोन्ही वर्षे म्हापशातील एका छोट्या वर्गात गेले आणि आता महाराष्ट्रातील एका पशुवैद्यक महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकत आहे. त्या वर्गाचे हे परीक्षण मुख्यतः याच वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी लिहिले आहे. वर्ग दोन शिक्षक मिळून घराच्या वरच्या मजल्यावर चालवतात. एक सर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवतात, तर टीचर जीवशास्त्र शिकवतात. ते जाहिरात करत नाहीत आणि पुढे मी काही उणिवाही मांडणार आहे, म्हणून वर्गाचे नाव देणे मला योग्य वाटत नाही.

आधी ओझे नेमके कशाचे असते ते सांगायला हवे, कारण वर्गाचे मोल त्याशिवाय कळणार नाही. पशुवैद्यक पदवीच्या प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के गुण लागतात. प्रत्यक्ष निवड मात्र 'नीट' या देशपातळीवरच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होते. म्हणजे इंग्रजी बाजूला टाकता येत नाही, बोर्डही सोडता येत नाही आणि नीट तर सोडताच येत नाही. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात आणि उरलेले भौतिक व रसायन यांच्यात १८०-१८० असे वाटलेले असतात. बोर्डाला सूत्राची सिद्धता पायरीपायरीने मांडावी लागते, आकृती नीट काढून नावे द्यावी लागतात, प्रात्यक्षिकांची जर्नल्स वेळेवर तपासून घ्यावी लागतात. नीटला त्याच धड्यावरचा प्रश्न साधारण एका मिनिटात सोडवून पुढे जावे लागते. एकच धडा दोन निराळ्या पद्धतींनी तयार करायचा आणि तोही तीन विज्ञानांत एकाच वेळी, ही या दोन वर्षांतली खरी दमछाक आहे. अभ्यासक्रमाची पाने मोजून ती कळत नाही.

या वर्गाने माझ्यासाठी केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे हे ओझे दिवसांवर आणि आठवड्यांवर नीट वाटून दिले. वर्गात म्हापसा, डिचोली, पेडणे अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या हायर सेकंडरींतून मुले येत. दर पंधरवड्याला सर प्रत्येकाच्या चाचण्यांच्या आणि जर्नल जमा करण्याच्या तारखा विचारून घेत आणि भिंतीवरच्या एका मोठ्या तक्त्यावर लिहीत. ज्या आठवड्यात बहुतेकांची जर्नल्स तपासायची असत, त्या आठवड्यात वर्गाचा गृहपाठ मिळत नसे. भौतिकशास्त्रात घूर्णन गती चालू असेल, तर जीवशास्त्रात टीचर त्या काळात प्राण्यांचे वर्गीकरण असा वाचून समजणारा धडा घेत. रसायनशास्त्रात आयनिक संतुलन सुरू झाले की भौतिकातला जड धडा पुढे ढकलला जाई. दोघे शिक्षक एकमेकांशी बोलून शिकवतात म्हणूनच हे शक्य होते. मोठ्या वर्गांत तीन विषयांचे तीन शिक्षक आपापल्या घाईत असतात आणि तिघांचा गृहपाठ एकाच रात्री अंगावर येतो, असे तिथे जाणाऱ्या माझ्या मैत्रिणी सांगत.

शुक्रवारी वर्गाला सुट्टी असे. म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी बसगाड्या कशा भरून जातात हे आम्हा डिचोलीकडच्या मुलांना ठाऊक आहे. त्या गर्दीतून संध्याकाळी उशिरा घरी पोहोचून अभ्यास होत नाही, हे सरांनी ओळखले होते. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत तर वर्ग पूर्ण बंद राही आणि त्या दिवसांसाठी अभ्यासही दिला जात नसे. चवथीला गोव्यातले कोणतेही मूल पुस्तक उघडत नाही, मग त्याच्या मनावर नुसते दडपण कशाला, अशी त्यांची भूमिका होती. मला ती फार शहाणपणाची वाटली, कारण सुट्टीनंतर सगळे ताजे होऊन परत येत आणि मागे राहिल्याची भावना कोणाच्याच मनात नसे.

भौतिकशास्त्राविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण जीवशास्त्राच्या ओढीने आलेली मुले इथेच कच खातात. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी अकरावीला गणित घेतलेले नव्हते. नियमाने त्यात काही अडत नाही, पण भौतिकशास्त्राचे पुस्तक पहिल्याच धड्यांपासून सदिश, त्रिकोणमिती आणि अवकलन गृहीत धरून चालते. सरांनी सुरुवातीचे आठवडे फक्त एवढ्याच गणिताला दिले : लॉगॅरिदमचे तक्ते वाचणे, आलेखाचा उतार काढणे, सदिशांची बेरीज, सोप्या फलांचे अवकलन. कोणी घाईघाईने सूत्रात आकडे घालू लागले, की ते म्हणत, "बाय, आधी एकके लिही. एकके जुळली नाहीत तर उत्तर जुळून उपयोग नाही." तेव्हा हे कंटाळवाणे वाटे. आता औषधाची मात्रा जनावराच्या वजनाप्रमाणे, मिलिग्रॅम प्रतिकिलो या हिशेबाने काढण्याची उदाहरणे समोर येतात, तेव्हा तीच सवय कामी येते.

द्रवांच्या धड्याचा एक तास मला अजून स्पष्ट आठवतो. सरांनी एक उंच नळकांडे, दूध आणि दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर आणला होता. आमच्या गावच्या दूध संस्थेत सकाळी बाबांच्या कॅनमधले दूध तपासताना मी तो लहानपणापासून पाहत आले होते, पण त्याच्या दांड्यावरचे आकडे म्हणजे काय हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. सरांनी लॅक्टोमीटर दुधात सोडला, तो स्थिर झाल्यावर डोळ्यांच्या पातळीवर धरून आकडा वाचायला लावला आणि २८ म्हणजे सापेक्ष घनता १.०२८ हे फळ्यावर लिहिले. मग थोडे पाणी घातले. लॅक्टोमीटर खाली बुडाला, आकडा उतरला. आर्किमिडीजचे तत्त्व, उत्प्लावन बल, तरंगण्याची अट हे सगळे त्यातून निघाले. पुढे त्यांनी विचारले, की दुधातली स्निग्धता वाढली तर आकडा चढेल की उतरेल? बहुतेकांनी चढेल म्हणून सांगितले. स्निग्ध पदार्थ पाण्यापेक्षा हलका असल्याने आकडा उतरतो, आणि म्हणूनच केवळ लॅक्टोमीटरवर विसंबून दुधात पाणी आहे असे म्हणता येत नाही, फॅटही तपासावे लागते, हे त्यांनी समजावले. दूध तापलेले की गार यावरही आकडा बदलतो, हे त्यांनी शेवटी जोडले. तो धडा मला पुन्हा पाठ करावा लागला नाही.

रसायनशास्त्रात बफर द्रावण, म्हणजे आम्लता फारशी बदलू न देणारे द्रावण, शिकवतानाही त्यांनी गाईचेच उदाहरण घेतले. गाय दिवसाला १०० लिटरांहून अधिक लाळ गिळते आणि त्या लाळेतील बायकार्बोनेट व फॉस्फेट पोटातल्या किण्वनातून तयार होणाऱ्या आम्लांना आवर घालतात. जनावराने एकाच वेळी खूप धान्य खाल्ले, की आम्ल इतके वाढते की ही व्यवस्था अपुरी पडते, रूमेनचा, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याचा, पीएच साडेपाचच्या खाली जातो आणि जनावर आजारी पडते. सणासुदीला उरलेला भात गुराला भरपूर घालू नये असे आमची आजी सांगत असे; त्यामागचे रसायन मला त्या दिवशी कळले. सर प्रत्येक धड्याला असे उदाहरण देत नसत, आणि ते बरेच होते. कार्बनी रसायनातल्या अभिक्रिया त्यांनी सरळ लिहून, विचारून, पुन्हा लिहून पक्क्या करून घेतल्या, कारण तिथे दुसरा उपाय नाही.

जीवशास्त्राच्या टीचर पाठ्यपुस्तक ओळीओळीने वाचून घेतात. गोव्यात अकरावी-बारावी विज्ञानाला केंद्र सरकारच्या एनसीईआरटी या संस्थेचीच पुस्तके असल्याने बोर्ड आणि नीट यांचे पुस्तक एकच असते, ही आपल्या मुलांची मोठी सोय आहे आणि टीचर तिचा पूर्ण फायदा करून घेतात. प्रत्येक आकृती पुस्तक मिटून काढायची, मग उघडून ताडायची, चुकलेले नाव लाल पेनाने लिहायचे, ही त्यांची रीत. बेडकाचे तीन कप्प्यांचे हृदय मी इतक्या वेळा काढले आहे की ते आता हाताला सवयीने येते. आमच्यापैकी बरेच जण सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून शिकून पाचवीपासून इंग्रजीत आलेले. टीचर संकल्पना मराठीत किंवा कोकणीत उलगडून सांगत आणि संज्ञा इंग्रजीत पाठ करून घेत. या एका गोष्टीसाठीही मी हा वर्ग ग्रामीण भागातल्या मुलांना सुचवीन.

इथे पाठ्यपुस्तकाविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अलीकडे अभ्यासक्रम कमी करताना एनसीईआरटीने अकरावीच्या जीवशास्त्रातून पचन आणि शोषण हा धडा काढला आणि बारावीतून अन्न-उत्पादनवाढीचा धडा काढला. पशुपालन, कृत्रिम रेतन, जातींची सुधारणा यांविषयी दोन वर्षांत जे काही वाचायला मिळे, ते या दुसऱ्या धड्यात होते. ओझे हलके करण्यासाठी कात्री लागणारच, हे मला मान्य आहे. पण पशुवैद्यक होऊ पाहणाऱ्या मुलाच्या वाट्याला त्यामुळे जनावर जवळजवळ उरतच नाही, याचे वाईट वाटते. टीचरांनी एका तासाचा शेवटचा भाग देऊन फळ्यावर गाईच्या पोटाचे चार भाग काढले, रूमेन, रेटिक्युलम, ओमेसम आणि अबोमेसम, आणि यातले खरे जठर चौथे हे सांगितले. हे परीक्षेला नाही, लिहून घेतले नाही तरी चालेल, असे त्या म्हणाल्या होत्या. मी लिहून घेतले.

वनस्पतींच्या बाबतीत मात्र हा वर्ग कमी पडतो. प्रकाशसंश्लेषण आणि वनस्पतींची वाढ हे धडे दोन्ही वर्षांत घाईने उरकले गेले, आणि वनस्पतींच्या शरीररचनेसाठी मला स्वतःच पुस्तक घेऊन बसावे लागले. नीटच्या जीवशास्त्रातला मोठा वाटा वनस्पतिशास्त्राचा असतो, त्यामुळे ही उणीव लहान नाही. प्राण्यांची आवड असलेल्या मुलांचा वनस्पतींकडे आधीच कानाडोळा होतो. त्यांना तर इथे शिक्षकाने जास्त धरून ठेवायला हवे.

चाचण्या दर रविवारी सकाळी होतात आणि खऱ्या ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे उत्तराचे गोल रंगवायच्या कागदावर, होतात. २०२५ पासून नीटमध्ये पर्यायी प्रश्न राहिले नाहीत. १८० प्रश्न आणि १८० मिनिटे असा सरळ हिशेब झाला. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा. सरांचा क्रम ठरलेला होता : आधी जीवशास्त्र, शक्य तितक्या लवकर, मग रसायन, आणि उरलेला सगळा वेळ भौतिकाला. जीवशास्त्राच्या ९० प्रश्नांना तासाभराच्या आत हातावेगळे करता आले, तरच भौतिकाच्या ४५ प्रश्नांना श्वास घ्यायला जागा मिळते. चाचणीनंतर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तो का चुकला हे वहीत लिहावे लागे : येतच नव्हता, हिशेबात घसरला, की प्रश्न नीट वाचला नाही. काही महिन्यांनी ही वही पाहिली की आपला अभ्यास नेमका कोठे गळतो आहे ते डोळ्यांसमोर येते. बरेच गुण ज्ञानाच्या अभावाने जात नाहीत, 'कोणते विधान चुकीचे आहे' यातला 'चुकीचे' शब्द न वाचल्याने जातात, हे मला माझ्याच वहीने दाखवले.

बारावीच्या पावसाळ्यानंतर मात्र वर्गाची ही सुरेख घडी विस्कटते. हायर सेकंडऱ्यांच्या पूर्वपरीक्षा जवळ येतात आणि वर्गाच्या पूर्ण अभ्यासक्रमाच्या चाचण्याही त्याच दिवसांत ठेवलेल्या असतात. अकरावीत ज्या तक्त्याने आम्हाला सांभाळले, तोच तक्ता या काळात बाजूला पडला. त्या आठवड्यांत मुले अर्ध्या झोपेवर येत, आणि दोन जणांनी तर वर्गच सोडला. गोवा बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते आणि नीट मेच्या सुरुवातीला येते. मधल्या दोन महिन्यांत पूर्ण चाचण्यांना भरपूर जागा आहे. त्या तिकडे सरकवल्या, तर डिसेंबर-जानेवारी बोर्डाला मोकळा राहील. मी हे सरांना सांगितले आहे आणि त्यांनी ते ऐकून घेतले आहे.

दुसरी उणीव आमच्यासारख्या मुलांना थेट बाधते. निकालानंतर वर्गात जे मार्गदर्शन झाले, ते सगळे बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाचे आणि एमबीबीएसच्या केंद्रीय फेऱ्यांचे. पशुवैद्यक पदवीच्या अखिल भारतीय १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद स्वतंत्र फेऱ्यांमधून भरते आणि त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, ही गोष्ट मला वर्गात कोणीच सांगितली नाही. ती आमच्या गावात गुरांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांकडून मला कळली. मी प्रवेश घेतला तेव्हा गोव्यात पशुवैद्यक महाविद्यालय नव्हते, त्यामुळे बाहेरच्या राज्यात जाणे ठरलेलेच होते. अशा वेळी एक नोंदणी चुकली तर अख्खे वर्ष जाते. माझ्याबरोबरच्या एका मुलाचे तसेच झाले. ज्या वर्गाने दोन वर्षे इतक्या आपुलकीने शिकवले, त्याने या शेवटच्या टप्प्यावर आम्हाला वाऱ्यावर सोडावे, याचे मला मनापासून दुःख आहे. प्रवेश घेणाऱ्या पालकांनी हे काम वर्गावर सोपवू नये; परिषदेच्या संकेतस्थळावरील सूचना निकालाच्या आधीपासून स्वतः पाहत राहाव्यात आणि आपल्या राज्याच्या प्रवेशप्रक्रियेची माहितीही वेगळी काढावी.

पशुवैद्यक पदवी साडेपाच वर्षांची असते आणि त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र समोर उभे राहतात. गाईचे एकेक हाड हातात घेऊन ते डाव्या बाजूचे की उजव्या हे सांगावे लागते, त्यावरचे उंचवटे आणि छिद्रे ओळखावी लागतात, आणि मग तेच हाड घोड्याचे व कुत्र्याचे कसे वेगळे ते दाखवावे लागते. पुस्तक मिटून आकृती काढण्याची टीचरांची रीत इथे रोज उपयोगी पडते. जीवरसायनात पेशीतल्या ऊर्जानिर्मितीचे क्रेब्स चक्र परत येते, पीएच आणि बफर परत येतात. ज्यांनी ते नीटपुरते पाठ केले होते त्यांना ते पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत आहे, असे मी आजूबाजूला पाहते. म्हणूनच एखादा वर्ग किती मुलांना कोणत्या क्रमांकावर पोहोचवतो, एवढेच पाहून तो निवडू नये असे मला वाटते. शिकलेले पुढे टिकते का, हेही विचारावे, आणि तिथे या वर्गाला मी चांगले गुण देईन.

फी म्हापशातल्या मोठ्या वर्गांच्या निम्म्याहून कमी आहे आणि ती हप्त्यांत देता येते. खोली लहान आहे. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर फार उकडते, आणि पावसात वीज गेली की तास मेणबत्तीवर चालतो. छापील नोट्स फक्त इंग्रजीत आहेत आणि भौतिकाच्या नोट्सची छपाई अंधुक आहे. वाळपई आणि त्यापलीकडच्या मुलांना संध्याकाळची बॅच संपल्यावर परतीची बस मिळणे अवघड जाते. त्यांनी प्रवेश घेतानाच शनिवार-रविवारची बॅच मागून घ्यावी, ती लवकर भरते. गणित घेतलेले नसेल तर अकरावीच्या पहिल्या दिवसापासून यावे, कारण भौतिकासाठीचे गणित सुरुवातीलाच होते आणि ते पुन्हा घेतले जात नाही. बारावीत मध्येच येऊन फक्त चाचण्या द्यायच्या असतील, तर हा वर्ग त्या कामाचा नाही.

पशुवैद्यकच व्हायचे आहे हे नक्की असेल, तर पहिल्या भेटीतच सरांना तसे स्पष्ट सांगावे. मी ते फार उशिरा सांगितले. सांगितल्यावर त्यांनी त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त पशुवैद्यकांशी माझी गाठ घालून दिली. त्या डॉक्टरांनी मला जुन्या गोव्याजवळ एला येथील कृषी संशोधन संस्थेत श्वेतकपिला गाई दाखवायला नेले. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी असणारी आपल्या गोव्याची ही गाय २०२० मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. तिच्या अंगावर हात ठेवून मी बराच वेळ उभी राहिले, आणि परतल्यावर आनुवंशिकतेचा धडा मी त्या रात्री स्वतःहून पुन्हा काढला. अशी भेट अकरावीतच झाली असती तर भौतिकाच्या कंटाळवाण्या संध्याकाळी मला जास्त बळ मिळाले असते. वर्गाने ती सगळ्याच इच्छुक मुलांसाठी दरवर्षी ठेवावी, असे मी सरांना लेखी कळवले आहे.